फीची वही

दहावीचा निकाल लागला की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या ग्रुपवर एक पोस्ट हमखास फिरते. वडील रिक्षा चालवतात, आई बाजारात मासळी विकते आणि मुलीला ९३ टक्के. खाली सगळे लिहितात, 'जिद्द असली की गरिबी आड येत नाही.' मीही अभिनंदन लिहिते, अगदी मनापासून. पण ते 'आड येत नाही' काही गळी उतरत नाही.

मी घरी ट्युशन घेते, पाचवी ते दहावी, गणित आणि सायन्स. फीची एक वही आहे. नाव, महिना, पैसे मिळाले की टिक. २०१२ च्या सप्टेंबरपर्यंत पानं टिकांनी भरलेली दिसतात. मग आमच्याकडच्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचीही बंदी आली आणि टिकांच्या जागी माझ्याच अक्षरात 'पुढच्या महिन्यात' दिसायला लागलं. कोणाचे खनिज वाहणारे दोन टिपर ट्रक दारात उभे आणि बँकेचे हप्ते चालू. कोणाचं गॅरेज, कोणाचा ट्रकवाल्यांच्या जिवावर चालणारा चहा-भज्यांचा गाडा. पणजीत बसलेल्यांना वाटतं, खाण म्हणजे खाणमालक.

फी बुडाल्याचं काही वाटलं नाही असं म्हणणार नाही, माझंही घर त्यावरच चालतं. पण खरी गोष्ट वेगळीच. सातवीत एक मुलगा होता. अपूर्णांक त्याला इतके सुरेख यायचे की दुसऱ्यांना समजावायला मी त्यालाच बसवायची. दिवाळीनंतर तो साध्या बेरजेत चुकायला लागला. शाळा तीच, पुस्तक तेच. घरात मात्र रात्री उशिरापर्यंत बापूस हिशेब मांडत बसायचा, आई बांगड्या गहाण ठेवायच्या की नाही यावर बोलायची, आणि हा मधल्या खोलीत जागा. एकदा मी चिडून म्हटलं, 'लक्ष कुठे आहे रे तुझं?' तर म्हणाला, 'टीचर, बँकवाले ट्रक नेतात तेव्हा नवे टायरपण नेतात?'

२०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात तामिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास आला होता. तोच शेतकरी कापणीआधी, पैशाची चणचण असताना, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडायचा. उसाचे पैसे हातात आल्यावर पुढे जायचा. ती तर मोठी माणसं. माझ्यासमोर बारा वर्षांचं पोर होतं.

'पैसेवाल्यांची सगळी मुलं हुशार असतात काय?' हा प्रश्न येणारच. मुळीच नसतात. एका सुखवस्तू घरातल्या मुलाला आठवीत गणितात १४ मार्क पडले. आठवड्याभरात दुसरी ट्युशन लागली, सुट्टीत घरी येऊन शिकवणारा सर आला, नववीत साठाच्या घरात गेला. टिपरवाल्याच्या मुलाला १४ पडले की घरात ठरतं, 'ह्याला डोकं नाही, आयटीआयला घालू.' आयटीआय वाईट नव्हे, पण ते चौदा मार्कांवर ठरू नये.

आठवीपर्यंत शिक्षण फुकट आहे, माध्यान्ह आहार आहे, शाळेत ने-आण करणारी बालरथ बस आहे, सगळं मान्य. आणि मग शाळा सांगते, 'सोमवारी प्रोजेक्ट आणा.' थर्माकोल, कलर प्रिंट, चमकीचा कागद. ज्वालामुखी बापाने बनवायचा आणि मार्क मुलाला. एक आई रविवारी रात्री नऊला दारात आली होती, हातात पुठ्ठ्याचा खोका, तोंड रडवेलं. तो ज्वालामुखी मीच केला. त्याला 'उत्तम' शेरा मिळाला, आणि त्या मुलाला लाव्हा म्हणजे काय हे अजून ठाऊक नसावं. २०२० च्या ऑनलाइन वर्गांचं तर बोलायलाच नको. शेजारच्या सत्तरी तालुक्यात मुलं नेटवर्कसाठी डोंगर चढत होती, आणि इथे घरातला एकुलता फोन बापाबरोबर ड्युटीवर.

मला विचाराल तर घरी करायचे प्रोजेक्ट आधी बंद करा आणि शाळा सुटल्यावर एक वर्ग दोन तास उघडा ठेवा. पंखा, दिवा, अडलं तर सांगायला एक माणूस. माझ्या ट्युशनी कमी होतील, होऊ देत.

तो सातवीतला मुलगा दहावी पास झाला, ५८ टक्के. आमच्या बोर्डाचा निकाल ९० टक्क्यांच्या वर लागतो, त्यामुळे असं काही हरवलेलं त्यात दिसतच नाही. तो बारावीत असताना मार्च २०१८ मध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्या, ८८ लीजेस, म्हणजे खाणपट्टे, एकदम. पुढे तो शिकला नाही. आता पणजीला कसिनोत रात्रपाळी करतो.

परवा बुधवारच्या बाजारानंतर तो घरी आला, बहिणीच्या मुलाला घेऊन. पाचवीतला आहे, डोळे मामासारखेच. फी किती विचारलं आणि पाकीट पुढे केलं. 'टीचर, वर्षाची एकदमच घ्या. मधे काय होईल सांगता येत नाही.'

मी वही काढली आणि त्याच्यासमोर बाराही टिका मारल्या.