"तू कसाले गयथी तठे?" (तू तिथे कशाला गेली होतीस?) : एका भाऊंच्या कमेंटला उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमची कमेंट परवा रात्रीच वाचली होती, पण तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर नुसत्या रागात लिहिलं गेलं असतं म्हणून दोन दिवस थांबले.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या वेळी मी लिहिलं होतं की आमच्या भागातल्या एका कॉलेजच्या मुलीला बसस्टँडच्या मागच्या बाजूला तिघांनी ओढलं, ती ओरडली, लोक जमले, ती पोलिसात गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ग्रुपवर फोटो फिरत होते ते त्या तिघांचे नाही तर तिचे, इन्स्टावरचे, आणि खाली "असे रील टाकल्यावर दुसरं काय होणार". त्यावर भाऊंचं म्हणणं असं की ताई तुम्ही एकच बाजू मांडता, टाळी एका हाताने वाजत नाही, आपण घराला कुलूप लावतोच ना मग पोरींनी मर्यादेत राहावं यात काय चुकलं, खोट्या केसेस किती होतात तेही लिहा, आधी मुलगी कशी आहे ते बघा, आणि शेवटी, मी पण एका मुलीचा बाप आहे, काळजीपोटी बोलतो.

तुमची काळजी मी खोटी मानत नाही भाऊ. म्हणूनच एवढं लांबलचक लिहायला बसलेय.

टाळीचं लगेच सांगून टाकते. टाळीला दोन हात लागतात, कानफटात मारायला एकच पुरतो. बसस्टँडमागे जे झालं ती टाळी नव्हती.

आता कुलूप. घरफोडी झाली की शेजारीपाजारी म्हणतात अरेरे, काय काय गेलं, चहा आणून देतात, रात्री सोबतीला झोपायला येतात. फारतर म्हणतील कडीकोयंडा मजबूत करून घ्या. पण "तुमच्या घरात सोनं आहे हे तुम्हीच मिरवलं, तुम्हालाच चोर हवा होता" असं कोणी म्हणतं का? घरमालकाचं लग्न मोडतं का? आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. सरकारचेच आकडे आहेत, एनसीआरबी म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं दरवर्षी छापतं, बलात्काराच्या नोंदलेल्या केसेसमधे ९० टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी हा ओळखीचाच असतो, घरातला, नात्यातला, शेजारचा, कामाच्या ठिकाणचा, मित्र. लग्नाचं आमिष दाखवल्याच्या केसेस पण त्यात येतात हे मला माहितीये, तरी त्या बाजूला ठेवल्या तरी मुद्दा तोच राहतो. चोराकडे घराची चावीच असेल तर कुलूप कोणासाठी लावताय?

कपड्यांचं तर मी आता ऐकून ऐकून थकले. तुम्ही पण खान्देशातलेच आहात. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणाऱ्या बाया बघितल्यात ना? साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, मनगटापर्यंत बटण लावलेलं, डोक्याला-तोंडाला रुमाल, डोळे तेवढे उघडे. याच्यापेक्षा जास्त झाकून कसं राहायचं माणसाने? त्यांच्यापैकी एकीला शेतावर कोणी त्रास देत नाही असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल का? त्या सांगत नाहीत कारण सांगितलं तर उद्यापासून मजुरी बंद. आणि इकडे जळगावात एप्रिल-मेमधे ४४-४५ डिग्रीत गाडी चालवणाऱ्या पोरी सनकोट आणि स्कार्फ बांधून निघतात तर त्यांना काय म्हणतात, "तोंड बांधून फिरते, कोणाबरोबर जाते कोण जाणे". म्हणजे उघडं ठेवलं तरी ती चालू, झाकलं तरी चालू.

आता जे मला खरं सांगायचंय ते.

१९९४ ला मी जळगावला एस.वाय.ला होते, हॉस्टेलवर. त्या वर्षी ते प्रकरण बाहेर आलं, पेपरवाले ज्याला वासनाकांड, सेक्स स्कँडल म्हणायला लागले. तरुण वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते, शाळा-कॉलेजच्या मुलींना नादी लावायचं, त्यांचे फोटो काढून ठेवायचे आणि मग ते दाखवून पुन्हापुन्हा बोलवायचं, असं ते चाललेलं. अरविंद इनामदार आणि मीरा बोरवणकर यांच्यासारखे अधिकारी तपासाला होते. पण पोलिसांपुढची सगळ्यात मोठी अडचण होती ती हीच की मुली बोलायलाच पुढे येत नव्हत्या.

का येत नव्हत्या, याचा विचार करा ना भाऊ. त्या फोटोत स्वतःची अशी काय ताकद होती? कागदाचा तुकडा. ब्लॅकमेल करणाऱ्याला पक्कं माहीत होतं की फोटो बाहेर आला तर गाव त्याला काही करणार नाही, गाव तिला खाईल. त्याचं सगळं भांडवल म्हणजे आपली जीभ होती. "तसलीच असेल ती", हे आपण म्हणणार याची त्याला खात्री होती म्हणून तो धंदा चालला. बोलणारे आपण आणि फायदा त्याचा.

माझ्या वडिलांनी मला त्या महिन्यात गावी बोलावून घेतलं. मी काही केलं नव्हतं, कोणी माझं काही केलं नव्हतं, तरी वह्या-पुस्तकांची पेटी घेऊन मी घरी. पुढे मावसबहिणीला बघायला आले तेव्हा पाहुण्यांनी शिक्षण विचारलं, जळगावला म्हटल्यावर दुसरा प्रश्न, "कोणत्या सालात होती?"

त्याच श्रावणात आमच्याकडे कानबाई, आपली खान्देशातली देवी, बसली. रविवारची रात्र, जागरण, भाऊबंदकीतल्या सगळ्या बाया स्वयंपाकघरात, पुरणाचा वास, रोटांची कणीक तिंबणं चाललेलं. विषय निघाला तोच. एक काकू म्हणाली, पोरीसनीच माजेल व्हत्यात. दुसरी म्हणाली, फुकट कोनी हात लावत नही माय. आणि आमची आत्या, जिचा मला फार लळा, ती परातीतला गोळा उलटा करत म्हणाली, "ते सगळं खरं, पन तू कसाले गयथी तठे?" समोर ती पोरगी नाहीच, तरी असा थेट तिलाच प्रश्न. सगळ्यांनी माना हलवल्या. मी पण हलवली. माझ्या शेजारी चुलत बहीण लाटत बसली होती, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिचं लाटणं मधेच थांबलं हे मला आठवतं, कारण आईने तिला हटकलं, "लाट ना वं, काय झोपनी का?" मग ती पुन्हा लाटायला लागली. सकाळी सोमवारी आम्ही वाजतगाजत कानबाई नदीवर शिरवून, म्हणजे विसर्जन करून, आलो.

बावीस वर्षांनी तिने मला सांगितलं. घरातलाच एक माणूस, नात्याने मोठा, दोन वर्षं तिला त्रास देत होता. त्या रात्री तो बाहेर ओट्यावर भजनाला बसलेला होता. तिने ठरवलं होतं की आज सगळ्या बाया आहेत, कानबाई बसलीय, आईला बाजूला घेऊन सांगून टाकायचं. आणि मग तिने आमचं बोलणं ऐकलं. ती कुठे गेलीच नव्हती भाऊ, ती आपल्याच घरात होती, पण तो प्रश्न आपल्यालाही विचारतील हे तिला त्या क्षणी कळलं. त्यानंतर तो प्रकार अजून एक वर्ष चालला.

आम्ही तिच्याबद्दल एक अक्षरही बोललो नव्हतो. दुसऱ्याच मुलींबद्दल बोलत होतो, आणि तेही अगदी तुमच्यासारखंच, काळजीपोटी.

खोट्या केसेसबद्दल. होतात, मी नाही म्हणत नाही, आणि खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाई करायला कायदा आहे. पण केस खरी की खोटी हे पुराव्यावर ठरतं, तिच्या रीलवर नाही. तुम्ही म्हणता "आधी मुलगी कशी आहे ते बघा", हे आपल्या कोर्टातही खूप वर्षं चाललं. १९७२ ला आपल्याच राज्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला, ते मथुरा प्रकरण. सेशन कोर्टाने तिला शरीरसंबंधाची सवय आहे असं लिहून आरोपी सोडले, हायकोर्टाने शिक्षा दिली, आणि १९७८ ला सुप्रीम कोर्टाने अंगावर जखमा नाहीत वगैरे कारणं देऊन पुन्हा सोडले. १९७९ ला कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर, सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ ला कायदा बदलला. तरीसुद्धा १८७२ च्या पुरावा कायद्यात एक कलम राहिलंच होतं की बलात्काराच्या केसमधे बाई "एकूणच वाईट चालीची" आहे असं आरोपीचा वकील दाखवू शकतो. ते २००२ च्या दुरुस्तीने निघालं. २०१३ ला तर स्पष्टच आलं की संमती होती की नव्हती हे ठरवताना तिचे आधीचे संबंध बघायचेच नाहीत. बाईला शरीरसंबंधाची सवय आहे का हे बघायची दोन बोटांची ती घाणेरडी तपासणी, ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं सुप्रीम कोर्टाने २०२२ ला सांगितलं. म्हणजे कोर्टाला इतकी वर्षं लागली तरी ते तिथून निघालं, आपण मात्र ओट्यावर आणि ग्रुपवर अजून तिथेच बसलोय.

तुमची मुलगी अकरावीला आहे असं तुम्ही लिहिलंय. ही कमेंट टाईप करताना ती घरात असेल. नसेल तरी तुम्ही जेवताना, टीव्हीवर बातमी लागल्यावर, याच विषयावर बोलत असणार, सगळेच बाप बोलतात. ती काही उत्तर देत नसेल, पोळी खात असेल. पण ऐकत असते ती. बापाला कोणती गोष्ट सांगायची आणि कोणती नाही हे ती त्यातूनच ठरवत असते. उद्या तिला क्लासच्या वाटेवर कोणी काही केलं, किंवा देव न करो तुमच्याच ओळखीतल्या कोणी केलं, तर ती तुमच्याकडे येईल का? आली तर तुमच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल? याचं उत्तर मला लिहून पाठवू नका, पण घरी तिच्यासमोर एकदा बोला.

आणि एक काम आहे. तुमच्या कमेंटमधे त्या मुलीचं आडनाव आणि कॉलेज होतं, ते मी काढून टाकलंय, बाकी तुमचं सगळं जसंच्या तसं ठेवलंय. तिचे ते फोटो तुमच्या फोनमधे असतील तर डिलीट करा, आणि ज्या ग्रुपवर पुढे पाठवलेत तिथूनही काढा. काल बघितलं तेव्हा तिथे अजून होते.