खिडकीकडची जागा

बसमध्ये खिडकीकडची जागा मिळाली की तिच्यासोबत एक बिनपगारी नोकरी चिकटते. पहिल्या सिग्नलला मागून हुकूम येतो, "काच लावा हो, धूर येतोय!" दुसऱ्या सिग्नलला पुढून, "उघडा हो, जीव गुदमरतोय!" दोघांचंही खरं असतं, हीच माझी पंचाईत.

हिवाळ्यात पंचाईत शिगेला पोचते. गार, जड हवा जमिनीलगत बसकण मारते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर रस्त्यावरच मुक्काम ठोकतो. म्हणून काचा लावायच्या, तर आत श्वास कोंडतात. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत 420 भाग), तर आपण सोडतो त्या श्वासात सुमारे 40,000. भरलेल्या काचबंद बसमध्ये आकडा 2,000 ला सहज टेकतो. एवढ्यानं कोणी दगावत नाही; पण हिशेब मांडला तर बाहेरच्यापेक्षा वाढलेले जवळपास 1,600 म्हणजे 40,000 चा पंचविसावा हिस्सा, म्हणून माझा दर पंचविसावा श्वास उष्टा असतो. कोणाचा, ते न विचारलेलं बरं.

उन्हाळ्यात सगळं उघडं, त्यामुळे उष्टं कमी आणि टायरांनी उडवलेली धूळ ताजी. शिवाय धावत्या बसच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. तिथं घोटाळणारा तिचाच धूर कधीकधी मागच्या खिडकीतून घरी परततो. एसी बसला हा त्रास कमी. पण आतलीच हवा फिरवत ठेवली तर गारव्याबरोबर श्वासही कोंडतात. साधा फिल्टर धूळ अडवतो, वायू नाही.

पाऊस हवा धुतो म्हणतात. धुतो, पण जाडी धूळच; 0.1 ते 1 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण थेंबांना हुलकावणी देतात. काचेवर आतून बोटानं नाव लिहिता आलं, की समजावं ओलावा कोंडलाय, म्हणजे श्वासही कोंडलेत. अशा वेळी छतावरची झडप उघडायला सांगावी.

माझा तोडगा असा: ट्रकच्या मागे थांबलो की काच बंद, बस सुटली की दोन्ही बाजूंच्या काचा चार-चार बोटं उघड्या. एन-95 मास्क नाकावर घट्ट बसवला तर बारीक कणही अडतात, वायू मात्र अडत नाहीत. हनुवटीवर घातलेला मास्क फक्त हनुवटी वाचवतो.

एवढा विचार करून हात घालावा, तर काच अर्ध्यावर अडकलेली. खाचेत उन्हाळ्याची धूळ, पावसाळ्यात तिचा झालेला चिखल आणि हिवाळ्यात वाळलेली त्याची खपली.