दहा ते पंधरा टक्क्यांचा संसार

अमेरिकेत छोटा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, विकत घेणाऱ्या मराठी माणसाला पलंग केवढा, फ्रिज किती मोठा, संडास आत आहे की नाही, असे सगळे प्रश्न सुचतात. ट्रेलरचा पुढचा दांडा आपल्या गाडीवर किती भार टाकणार, हा प्रश्न मात्र त्याला सुचत नाही आणि विकणारा तो आपण होऊन काढत नाही. या भाराला ‘टंग वेट’ म्हणतात आणि त्याचा नियम ऐकायला फारच सोपा आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी 10 ते 15 टक्के वजन हिचच्या, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीच्या, गोळ्यावर पडले पाहिजे. त्याहून कमी पडले, तर शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. जास्त पडले, तर गाडी मागून बसते, पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड जाते आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो.

आमचा ट्रेलर भरल्यावर 3500 पौंडांच्या घरात जातो, म्हणजे टंग वेट 350 ते 525 पौंड हवे, आणि त्यात आमच्या हिचची मर्यादा 500. उरलेल्या दीडशे पौंडांच्या फटीत मी, बायको आणि पुण्याहून आलेले आई-बाबा अशा चौघांचा संसार बसवून डेन्व्हरहून यलोस्टोनला जायचे होते. कंपनीच्या माहितीपत्रकात टंग वेटचा आकडा ठळक छापलेला असतो, पण तो रिकाम्या ट्रेलरचा असतो. लग्नाच्या बायोडेटातल्या मजकुराचा पुढच्या संसाराशी जितका संबंध, तितकाच या आकड्याचा भरलेल्या ट्रेलरशी.

बाबा निवृत्त अभियंता असल्यामुळे हे संकट त्यांना सुट्टीतला पहिला खरा आनंद देऊन गेले. बाथरूममधल्या वजनकाट्यावर एवढा भार थेट ठेवता येत नाही, म्हणून त्यांनी एक जाड फळी घेतली, तिचे एक टोक विटांवर आणि दुसरे काट्यावर टेकवले, आणि ट्रेलरचा दांडा विटांपासून 1 फुटावर व काट्यापासून 2 फुटांवर येईल असा उतरवला. काट्यावरचा आकडा गुणिले 3, की झाले टंग वेट. आकडा आला 104. म्हणजे 312 पौंड, जेमतेम 9 टक्के. “पास व्हायला एक मार्क कमी,” बाबा म्हणाले. काटा ट्रेलरखाली अडकल्याने घरात कोणालाच वजन करता येईना, याचे मात्र कोणी फारसे दुःख केले नाही.

मग दोषींचा शोध सुरू झाला. मागच्या बंपरवरच्या दोन सायकली पहिल्या सापडल्या. चाकांच्या मागे जितके लांब वजन लटकते, तितका ते पुढचा दांडा वर उचलते. त्या गाडीच्या टपावर गेल्या. खरा गुन्हेगार मात्र पाण्याची टाकी होती. 30 गॅलन पाणी म्हणजे 250 पौंड, आणि आमची टाकी चाकांच्या 3 फूट मागे. गोळ्यापासून चाकांपर्यंतचे अंतर 12 फूट असल्याने नुसत्या पाण्याने 60 पौंडांहून अधिक भार चोरला होता. टाकी रिकामी केली. तांदळाची 20 पौंडांची गोणी पुढच्या कप्प्यात सरकवली, तेव्हा आईने विचारले, “अरे, मग कुकरपण पुढेच ठेवू का? म्हणजे भात करायला सोपा.” आयुष्यभर ओटा लावणाऱ्या बाईला वजन कुठे ठेवावे हे भौतिकशास्त्राने शिकवायला नको.

आता उलटी अडचण अशी, की पुढे सरकवलेला भार गाडीच्या खात्यात जमा होतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचे स्टिकर माणसे आणि सामान मिळून किती चालेल ते सांगते, आणि टंग वेट त्यातच धरावे लागते. म्हणून मी प्रत्येकाला वजन विचारले. उत्तरांची बेरीज इतकी समाधानकारक आली, की मी प्रत्येकी 10 पौंड गुपचूप वाढवले.

खातरजमेसाठी ट्रक-स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गेलो. तिथला बोलायचा खांब ट्रकवाल्यांच्या खिडकीच्या उंचीवर असल्याने मला खाली उतरून चवड्यांवर उभे राहावे लागले. आतून आवाज आला, “कंपनीचे नाव?” मी म्हटले, “घरगुती.” एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा सोडून फक्त गाडीच्या चाकांवरचे वजन घ्यायचे, दोन्हींतला फरक म्हणजे टंग वेट. तो 440 पौंड भरला, आणि पाणी गेल्यामुळे एकूण वजनही उतरल्याने हिशेब 14 टक्क्यांच्या जवळ आला. बाबांनी पावती घडी घालून पाकिटात ठेवली.

वायोमिंगमध्ये लॅरमीहून रॉलिन्सकडे जाताना एल्क माउंटनजवळ वारा कसा सुटतो, हे तिथला प्रत्येक ट्रकवाला जाणतो. झोका बसलाच तर जोरात ब्रेक न मारता अॅक्सिलरेटर सोडायचा आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबायचा, हे मी सर्वांना इतक्यांदा सांगितले, की आईने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. ट्रेलर मुकाट्याने मागे येत राहिला.

मुक्कामी टाकी पुन्हा भरली आणि बाबांच्या लक्षात आले, की सांडपाण्याची टाकी चाकांच्या पुढे आहे. म्हणजे वापरलेले पाणी मागून पुढे जाते आणि टंग वेट वाढते. परतीच्या आदल्या संध्याकाळी ते टॉवेल घेऊन उभे राहिले.

“उद्या वारा आहे म्हणतात. मी दोनदा आंघोळ करतो.”

“बाबा, सांडपाणी सकाळी निघण्यापूर्वी सोडूनच द्यायचे असते,” बायको म्हणाली.

“ते जाऊ दे. मागचे तर कमी होते ना?” असे म्हणून त्यांनी आतून कडी लावली.