उपचार केंद्र हे सहलीचं ठिकाण नाही

नागपूरच्या सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारं केंद्र, रविवारी शाळांच्या सहलींसाठी खुलं करावं, ही तुमच्या लेखातली सूचना मला अजिबात पटली नाही. मुलांना प्राणी जवळून दिसावेत ही तळमळ खरी, पण त्यासाठी जागा दुसरी हवी.

तिथे येणारा प्राणी बरा होऊन जंगलात परत जायचा असतो. त्याला माणसाची भीती राहणं हेच त्याचं संरक्षण. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने पंख कापलेली घार टाके घालून पिंजऱ्यात बसलेली असते. समोर पन्नास मुलं आली की ती घाबरून जाळीवर धडका देते आणि टाके उसवतात. पिल्लांचं तर आणखी अवघड. डोळे उघडल्यापासून माणसाच्याच हातून खाणारं पिल्लू पुढे माणसाकडेच खाणं मागत येतं. बिबट्याच्या बाबतीत याचा शेवट काय होतो, हे विदर्भात कुणाला सांगायला नको.

शिक्षण केंद्राचं काम वेगळं. कायमचं अपंगत्व आलेले, सोडता न येणारे, माणसांची वर्दळ सहन करणारे प्राणीच तिथे लोकांसमोर असावेत. नागपूरच्याच गोरेवाड्यात बचाव केंद्र वेगळं आणि २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालेली सफारी वेगळी, ते याचसाठी. सहल तिथे न्या.

लेखात एक भर मात्र घाला: जखमी पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.