‘बासवाला बदलला तरी कळणार नाही’? कळतं, आणि चांगलंच कळतं

गेले काही दिवस एक मजकूर सगळीकडे फिरतोय. माझ्याकडे तो चार जणांकडून आला. मजकूर असा: “मेटल बँडमधला बासवाला म्हणजे वरातीतला शेवटचा माणूस. तो काय वाजवतो ते ऐकूच येत नाही. गिटार जमली नाही म्हणून त्याने बास उचललेला असतो. गाणी दुसरेच लिहितात. उद्या त्याच्या जागी दुसरा उभा केला तरी कोणाला कळणार नाही.” खाली हसण्याचे इमोजी. मी चौदा वर्षं बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवतोय आणि मला हे हसण्यावारी नेता येत नाही. शिकायला येणारी पोरं हेच ऐकून येतात आणि दुसऱ्या महिन्यात बास खाली ठेवतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो. माणूस मुख्यतः एकच: आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा बासवाला स्टीव्ह हॅरिस.

“ऐकूच येत नाही.” फोनच्या स्पीकरवर नाहीच येणार. बासची सगळ्यात जाड तार सुमारे 41 हर्ट्झला वाजते. एवढा खालचा स्वर त्या इवल्या स्पीकरला झेपतच नाही. डग्गा बाजूला ठेवून कोणी नुसत्या तबल्यावर ठेका धरला, तर बोल सगळे येतील, पण घुमारा गेलेला असेल. फोनवर मेटल ऐकताना नेमकं तेच होतं. हेडफोन लावा आणि हॅरिसचा उजवा हात ऐका. तो प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, वापरत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, बस्स. एक ठोका लांब, दोन आखूड. पुन्हा एक लांब, दोन आखूड. घोडा दौडत यावा तशी ती चाल, म्हणून तिला ‘गॅलप’च म्हणतात. टेबलावर दोन बोटांनी करून बघा. मिनिटाभरात मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो. हा माणूस ते दोन-दोन तास करतो.

तारासुद्धा बघण्यासारख्या आहेत. तो फ्लॅटवाउंड लावतो, म्हणजे गोल तारेऐवजी चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, हाताला गुळगुळीत लागणाऱ्या. जॅझवाले या तारा घेतात त्या मऊ, गोल आवाजासाठी. हॅरिस त्यांच्यावर इतक्या जोरात बोटं मारतो की तार फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्टीवर, आपटते आणि स्वराच्या आधी एक खणखणीत ‘टक्’ येतो. दोन गिटारी, आणि 1999 नंतर तर तीन गिटारी, एकदम वाजत असताना तो ‘टक्’ वेगळा काढता येतो. 1 फेब्रुवारी 2008 ला मेडनच्या जगदौऱ्याची सुरुवात मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातून झाली. त्या गर्दीत मी होतो. हॅरिस पुढच्या मॉनिटरवर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरवर) पाय ठेवून, बासचा दांडा बंदुकीसारखा आमच्यावर रोखून, गाण्याचा शब्दन् शब्द ओठांनी म्हणत वाजवत होता आणि प्रत्येक ठोका छातीच्या पिंजऱ्यावर बसत होता. मैदानातल्या एकाही माणसाला बास ऐकू आला नाही, असं मला कोणी सांगू नये.

हा समज बहुधा मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडच्या 1988 सालच्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ या अल्बममुळे पक्का झाला असावा. त्यात त्यांच्या बासवाल्या जेसन न्यूस्टेडचा बास खरोखर जवळजवळ ऐकू येत नाही. पण तो वाजवणाऱ्याचा दोष नाही. मिक्सिंग करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसननेच पुढे सांगितलं की बास खाली आणायला त्याला बँडकडून सांगण्यात आलं होतं. आणि ऐकणाऱ्यांना काही फरक पडला नाही म्हणता? चाहत्यांनी घरी बसून बास वर काढलेल्या आवृत्त्या तयार केल्या आणि इंटरनेटवर टाकल्या.

“गिटार जमली नाही म्हणून बास.” यात एक कण खरा आहे, तो मान्य करतो. ब्लॅक सबाथ या मेटल बँडचा बासवाला गीझर बटलर आधी गिटार वाजवायचा. पण गिटारवाल्या टोनी आयोमीला बँडमध्ये दुसरी गिटार नको होती म्हणून तो बासकडे वळला. जमत नव्हती म्हणून नव्हे. हॅरिसचं तर वेगळंच. त्याला व्हायचं होतं ड्रमर. ड्रमसेटला जागा लागते आणि गोंगाट होतो, म्हणून त्याने बास घेतला. मग तो ड्रमच्या जवळ राहिला यात नवल काय!

“गाणी दुसरेच लिहितात.” हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. हॅरिसचा जन्म 1956 चा, पूर्व लंडनमधल्या लेटनस्टोनचा. फुटबॉलचं वेड, वेस्ट हॅमकडे चाचणीपर्यंत पोचलेला, पोटापाण्यासाठी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. ‘स्मायलर’ नावाच्या बँडमध्ये वाजवत असताना तो स्वतःची गाणी घेऊन गेला. बाकीच्यांना ती फार अवघड वाटली, त्यांत लय वारंवार बदलते म्हणून. तो बाहेर पडला आणि 1975 च्या नाताळात त्याने आयर्न मेडन सुरू केला. लय बदलणारी ती गाणी लिहायला मिळावीत, यासाठीच हा बँड निघाला.

आता 1982 चा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ घ्या, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला. आठ गाणी. पाचांवर गीतकार-संगीतकार म्हणून हॅरिसचं एकट्याचं नाव, आणखी दोनांवर गिटारवाल्या एड्रियन स्मिथबरोबर. गायक ब्रूस डिकिन्सन तेव्हा आधीच्या एका कंत्राटात अडकलेला होता, त्यामुळे त्याने हातभार लावला तरी त्याचं नाव पडलं नाही, हेही सांगायला हवं. तरी हिशोब फारसा बदलत नाही. दोन वर्षांनी हॅरिसने इंग्रज कवी कोलरिजच्या दीर्घकवितेवरून तेरा मिनिटांहून मोठं गाणं लिहिलं. सबाथचे बहुतेक शब्दही बटलरचेच. सबाथचा गायक ऑझी ऑस्बोर्न ते गायचा म्हणून लोकांना ते ऑझीचे वाटतात, एवढंच.

“बदलला तरी कळणार नाही.” मेडनमध्ये काय झालं बघा. गायक पॉल डियानो 1981 ला गेला, डिकिन्सन आला, 1993 ला गेला, ब्लेझ बेली आला, 1999 ला डिकिन्सन परतला. ड्रमर बदलले, गिटारवाले बदलले. पहिल्यापासून प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर दोनच माणसं आहेत: गिटारवर डेव्ह मरे आणि बासवर हॅरिस.

मेटॅलिकाचंही तेच, फक्त ते आठवताना त्रास होतो. क्लिफ बर्टनला त्यांनी 1982 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका क्लबमध्ये दुसऱ्याच बँडबरोबर वाजवताना पाहिलं. वा-वा पेडल आणि डिस्टॉर्शन (आवाज वळवणारी आणि खरखरीत करणारी उपकरणं) लावून तो बास असा वाजवायचा की आजही कित्येक जण त्याचा सोलो गिटारचा समजतात. तो म्हणाला, येतो, पण मी सॅन फ्रान्सिस्कोकडचा, तिथून हलणार नाही. आणि अख्खा बँड बिऱ्हाड उचलून त्याच्याकडे गेला. 27 सप्टेंबर 1986 च्या पहाटे स्वीडनमध्ये त्यांची बस उलटली. त्यात क्लिफ गेला, तेव्हा तो 24 वर्षांचा होता. अपघात झाला त्या डोरार्प गावाजवळ, रस्त्याच्या कडेला, वीस वर्षांनी 2006 मध्ये त्याच्या नावाचा दगड उभा राहिला. माणसं अजून तिथे जातात.