तंबाखूच्या बरणीत सफरचंदाची फोड टाकू नका

‘पाइपची तंबाखू साठवताना बरणीत सफरचंदाची फोड टाका, म्हणजे ती मऊ राहते आणि छान मुरते,’ असा सल्ला बराच फिरतो आहे. पहिला भाग खरा आहे. वाळलेली तंबाखू फोडीतला ओलावा ओढून काही तासांत मऊ पडते. पण ती फोड आत विसरली, की चार-पाच दिवसांत तिच्यावर पांढरी-हिरवी लव धरू शकते. मग तंबाखूलाही बुरशी लागते आणि अख्खी बरणी फेकावी लागते. वरचा थर काढून बाकीची वापरावी, हा कंजूषपणा इथे नको.

मुरण्यासाठी बाहेरून काहीच घालावं लागत नाही. घट्ट झाकणाची, कोरडी काचेची बरणी आणि उन्हापासून लांब, थंड कपाट एवढं पुरे. फ्रिज कशाला? व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूची गोडसर पानं वर्षानुवर्षं चांगली मुरतात; लाटाकियाचा, म्हणजे धुरावर सुकवलेल्या तंबाखूचा, धुरकटपणा मात्र काळानुसार मवाळ होत जातो. वरून सुगंध दिलेली मिश्रणं ठेवून फारशी सुधारत नाहीत, उलट वास उडतो. आणि मुरलेली तंबाखू कमी घातक असते, हेही खोटंच.

जुन्या पानांवर कधी बारीक चकाकणारे कण दिसतात. ते स्फटिक असू शकतात. कापसासारखे तंतू आणि कुबट वास असेल, तर ती बुरशीच.