दहा अब्जांची कॉस्ट दिसली म्हणून क्वेरी अडकली असं नाही

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: ‘एक्सप्लेनमध्ये कॉस्ट 10 अब्जांवर गेली की क्वेरी तासन्‌तास चालणार. एनेबल_सेकस्कॅन ऑफ करून ठेवा, अख्खं टेबल वाचणं बंद होतं आणि बाकी कशालाही धक्का लागत नाही.’ एक्सप्लेन ही कमांड क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) कोणत्या प्लॅनने चालेल ते आणि त्याच्या खर्चाचा अंदाज, म्हणजे कॉस्ट, दाखवते; प्लॅन निवडतो तो प्लॅनर. एनेबल_सेकस्कॅन हे सेटिंग सीक्वेन्शियल स्कॅनसाठी, म्हणजे अख्खं टेबल ओळीने वाचण्यासाठी. हा सल्ला वाचून लोक चालू सिस्टिमवर हे सेटिंग कायमचं ठेवतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी तो आकडा. इंटिजरचा एकच कॉलम असलेलं नवं टेबल बनवा, इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) नको. सेटिंग ऑफ करून त्यात एक संख्या शोधा. आवृत्ती 17 पर्यंत कॉस्ट दिसते 10000000041.88, आणि टेबल रिकामं असल्याने क्वेरी लगेच संपते. यातले 10 अब्ज हा प्लॅनरने लावलेला ठरावीक दंड. खरा अंदाज 41.88 एवढाच, आणि तेही सेकंद नव्हेत: सलग वाचताना डेटाच्या एका पानाला (ठरावीक आकाराच्या तुकड्याला) 1, त्या मापाने बाकी सगळं.

‘बंद होतं’ हेही खोटं. वरच्या प्लॅनमध्ये सीक्वेन्शियल स्कॅनच आहे. दुसरी वाटच नसेल तर दंड भरून प्लॅनर तीच धरतो.

सगळ्यात घातक आहे तो ‘धक्का लागत नाही’ हा भाग. दोन प्लॅनच्या कॉस्टमध्ये 1 टक्क्याहून कमी फरक असेल तर प्लॅनर त्या सारख्याच धरतो. 10 अब्जांचा 1 टक्का म्हणजे 10 कोटी. समजा दोन्ही प्लॅनवर दंड बसलाय, एकाची खरी कॉस्ट 500 आणि दुसऱ्याची 5 कोटी. एरवी तुलनाच नको, पण दंडाखाली दोन्ही सारखे ठरतात. मग महागडा प्लॅन ओळी क्रमवारीत देतो एवढ्यावरच स्वस्त प्लॅन बाद होऊ शकतो. शिवाय जेआयटी (महागड्या क्वेरीचे भाग ऐनवेळी मशीन कोडमध्ये बदलणं, म्हणजे कंपायलेशन) चालू असेल तर डिफॉल्ट मर्यादा 1 लाख कॉस्टची; दंडामुळे ती ओलांडली जाते आणि चिमुकल्या क्वेरीवरही कंपायलेशनचा वेळ जातो.

म्हणूनच आवृत्ती 18 मध्ये हा दंड काढून टाकला. आता प्लॅनर आधी प्रत्येक प्लॅनमधले बंद केलेले टप्पे मोजतो, ते सारखे असतील तरच कॉस्ट बघतो. एक्सप्लेनमध्ये कॉस्ट 41.88 इतकीच दिसते, खाली ‘डिसेबल्ड: ट्रू’ अशी ओळ येते. इंडेक्स नसलेलं टेबल मात्र तिथेही अख्खंच वाचलं जातं.